एका सळईला दोन चित्रं

सोमवार, ३

गॅलरीवाली बाई ही वही देऊन गेली. म्हणाली, भावाबद्दल जे आठवेल ते लिहून ठेवा. म्हटलं, बाई, सातवीत शाळा सुटली माझी. त्यानंतर पडद्यांच्या मापांपलीकडे काही लिहिलं नाही. खिडकी इतकी, चुण्या इतक्या, अस्तर लावायचं की नाही. ती म्हणाली, तसंच लिहा. आता काम अंगावर घेतलंच आहे तर उरकून टाकते.

भाऊ म्हणजे माझा धाकटा. जाऊन चार वर्षं होतील. रंगाच्या दुकानात रंग कालवायचा, जन्मभर तेच केलं. गिऱ्हाईक छटा सांगायचं आणि डबा तयार झाला की नाक मुरडायचं, ही नव्हे म्हणून. असे चुकलेले डबे धाकटा घरी आणायचा आणि प्लायवूडवर चित्रं काढायचा. चित्रात झाड नाही, माणूस नाही, डोंगर नाही. पट्टे, चौकोन, मोठमोठे डाग. मी एकदाच विचारलं होतं, हे काय आहे. म्हणाला, ताई, हे हेच आहे. परत विचारलं नाही. मला गिऱ्हाइकं होती.

आता ही बाई म्हणते, तुमचा भाऊ मोठा चित्रकार होता. तिला तिच्या गॅलरीच्या भिंतीसाठी पांढरा रंग हवा होता, म्हणून त्या दुकानात गेली. गल्ल्यामागे धाकट्याचं चित्र टांगलेलं. रंग तिथेच विसरली आणि पत्ता विचारत माझ्या दारात. मी त्याच्याच घरात राहते हल्ली. मुलाकडे होते, पण तिथे मी चहात साखर किती घालते यावर सभा भरायची.

आत आली ती चपला काढायलाही विसरली. भिंतीसमोर उभी राहिली आणि तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हिला मळमळतंय. पाणी आणून दिलं.

बुधवार, ५

परत आली. सोबत टेप, कॅमेरा, हातमोजे. माझ्या घरात वस्तूला हात लावायला हातमोजे घालते. म्हटलं, मी धूळ पुसते गं रोज.

"कशाने पुसता आजी?"

"ओल्या फडक्याने. डाग असला तर साबण."

तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "बरं झालं जलरंग नाहीत."

मग प्रश्न. शिकले कुठे? कुठेच नाही. कुणाला दाखवायचे? नाही. प्रदर्शन कधी केलं नाही? म्हटलं, भिंतीवर लावलीत की, हेच प्रदर्शन. लग्न? म्हटलं, नाही केलं.

"मग एकटेच राहायचे?"

"एकटा कशाने? पलीकडे शेजारी आहे ना. दोघांचं जेवण एकत्र, चहा एकत्र, फिरायला जाणं एकत्र. गॅसही कमी लागायचा."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "त्यांना भेटता येईल का?" म्हटलं, भेट की, तो कुठे पळून जातोय.

शेजाऱ्याबद्दल लिहायचं राहिलं. शेजारी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, हा दात बसवून द्यायचा. आता वय झालं, तरी जुनी गिऱ्हाइकं घरी येतात. माझी कवळी त्याचीच. वरची उत्तम बसली आहे, खालची उजवीकडे टोचते, पण दाखवायला वेळ नाही. मला ताई म्हणतो. धाकटा म्हणायचा, ते ऐकून. मी रोज दुपारी त्याला जेवण नेऊन देते, कारण नाहीतर हा माणूस बिस्किटं खाऊन झोपतो. चार वर्षांत निम्मा झाला आहे.

त्याच्याही भिंतीवर धाकट्याची चित्रं आहेत. उरलेली दिली असणार.

गुरुवार, ६

गॅलरीवाली शेजाऱ्याकडे गेली, पण त्याने दारातच बोलून वाटेला लावलं. म्हणे, मी फक्त शेजारी, मला चित्रातलं काही कळत नाही. कळत नाही म्हणतो आणि रोज संध्याकाळी त्या चित्रांसमोर खुर्ची टाकून बसतो. मी डबा परत आणायला जाते तेव्हा बघते ना.

सोमवार, १०

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

प्रदर्शनासाठी चित्रं न्यायला टेम्पोवाला आला. चांगला दांडगा माणूस. गॅलरीवाली त्याला सांगत होती, हळू, जपून, कोपरे सांभाळा. पहिलं चित्र उतरवलं. पिवळं आहे ते, मध्ये डावीकडे निळा ठोकळा. भिंतीतून बोटभर जाडीची सळई बाहेर आलेली, चित्र तिच्यावर टांगलेलं. टेम्पोवाला म्हणाला, "केवढा खिळा मारलाय. काढून घेऊ का, सोबत देतो." आणि कुणी हो म्हणायच्या आत पकडीत धरून ओढला.

खिळा संपेना. हातभर आला तरी येतोच आहे. शेवटी सुळकन बाहेर आला आणि भिंतीपलीकडे धाडकन आवाज. मग काहीतरी खळखळत लांबपर्यंत गेलं. मग शेजाऱ्याचा आवाज, अगदी शांत: "ताई, काय चाललंय?"

आम्ही तिघं धावलो. शेजारी हातात चहाचा कप घेऊन उभा. त्याच्या भिंतीवरचं चित्र टेबलावर पडलेलं आणि टेबलावर वाळत ठेवलेल्या सगळ्या कवळ्या जमिनीवर. पलंगाखाली एक, दारामागे एक, एक तर त्याच्या चपलेत जाऊन बसलेली. टेम्पोवाला इतका घाबरला की हात जोडून म्हणाला, "काका, कुणाला लागलं तर नाही ना?" शेजारी म्हणाला, "लागलं नाही, पण इतकी तोंडं माझ्याकडे बघून हसलेली मी एकदम पाहिली नव्हती."

मी कवळ्या गोळा करायला वाकले. उठले तर गॅलरीवाली भिंतीला डोळा लावून उभी. सळईचं भोक आरपार. इकडून बघितलं की माझ्या खोलीतलं स्टूल दिसतं.

म्हणजे धाकट्याने भिंतीला आरपार भोक पाडून सळई घातली होती. एका टोकाला इकडचं चित्र, दुसऱ्या टोकाला तिकडचं. मग आम्ही मोजत गेलो तर प्रत्येक चित्राचं तसंच. माझ्या बाजूला जितकी, तितकीच त्याच्या बाजूला, एकामागे एक, मधे फक्त वीट.

पडलेलं चित्र उचललं. निळं होतं, आणि मध्ये पिवळा ठोकळा. माझ्या बाजूला पिवळ्यात निळं, त्याच्या बाजूला निळ्यात पिवळं, अगदी त्याच जागी, तेवढंच. जसा एकाचा रंग भिंतीतून दुसऱ्यात शिरलाय. मी म्हटलं, दोन डब्यांत दोन चित्रं, धाकटा काटकसरी होताच. गॅलरीवालीने चित्र माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. टेम्पोवाल्याला म्हणाली, आज काही न्यायचं नाही.

शेजारी चहा पीत राहिला. त्याला हे सगळं ठाऊक होतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. नवल वाटलेला माणूस चहा असा पीत नाही.

मंगळवार, ११

गॅलरीवालीला आता दोन्हीकडची चित्रं हवीत. हॉलच्या मधोमध एक भिंत उभी करणार, तिच्यातून सळया घालणार, इथे होती तशीच लावणार. लोक इकडून बघतील आणि वळसा घालून तिकडून बघतील. ती बोलताना हातवारे इतके करत होती की माझी बशी फुटता फुटता राहिली. पण कल्पना मला पटली. जसं होतं तसं लावा, कुणाला डोकं चालवायला नको.

शेजारी नाही म्हणाला.

नुसतं नाही. "ताईंची घेऊन जा. माझी नाही द्यायची." बाई गयावया करत होती, हा मान हलवत होता. नंतर मी एकटी गेले. म्हटलं, अहो, महिनाभराचा प्रश्न आहे. म्हणाला, "भिंत उघडी पडेल, ताई." म्हटलं, एक पडदा शिवून देते, झाकून टाका. त्यावर हसला, पण मान तशीच.

इतक्या साध्या गोष्टीला किती आढेवेढे. भिंतच आहे ना.

शुक्रवार, १४

गॅलरीवालीने भिंतीवर लावायचा मजकूर लिहून आणला आणि वाचून दाखवला. सुरुवातीलाच "अवकाशाच्या अभावातून उमललेली दृश्यभाषा". म्हटलं, खोली चांगली मोठी आहे, अभाव कसला. तिने ते खोडलं. पुढे असंच काहीबाही, मी ते सगळं खोडायला लावलं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "आजी, आता जे वाचते ते नीट ऐका. तुम्ही आणि काका दोघं हो म्हणालात तरच ठेवीन."

तिने लिहिलं होतं की हा चित्रकार समलिंगी होता, आणि ही चित्रं त्याने त्याच्या जोडीदारासोबतच्या आयुष्यावर काढली.

तेवढ्यात आमचे चिरंजीव आले. साहेब आहेत एका ऑफिसात, शुक्रवारी लवकर सुटतात आणि आईची चौकशी करायला येतात, म्हणजे फ्रीज उघडून बघतात. सोबत सूनबाई. चिरंजीवांनी तो कागद वाचला आणि कान लाल.

"आई, हे असलं काही लिहायचं नाही. मामाचं नाव आहे, आपलं नाव आहे. माझ्या ऑफिसातले लोक बघायला जातील."

"तुझ्या ऑफिसातल्यांनी आजवर कधी चित्र बघितलंय का?" सूनबाई म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस. ते शेजारचे साधे शेजारी होते. होते की नाही, आई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चहा टाकते.

सूनबाई मागोमाग स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. "आई, तुम्हाला माहीत आहे ना? ते दोघं जोडपं होते."

तिला वाटलं मला धक्का बसेल. हात धरून उभी होती, मी पडले तर सावरायला. म्हटलं, "हात सोड, चहा उतू जाईल. मला काय डोळे नाहीत का? एक माणूस आजारी पडला की दुसऱ्याचं वजन कमी व्हायचं. मी आपलं त्याला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की लोक बोलायला येतात, आणि बोलणारे लोक मला आवडत नाहीत."

ती हसली, आणि एकदम माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. हिलाही काहीतरी वेडच लागलंय. चहा उतू गेलाच.

बाहेर आले तर चिरंजीव अजून बोलतच होते. सूनबाईने कप पुढे केला आणि विचारलं, "लहानपणी तुम्ही त्यांना काय म्हणायचात हो?"

चिरंजीवांनी कप घेतला आणि त्यात बघत बसले.

"सांगा की. मला आईंनी सांगितलंय."

"दातमामा," चिरंजीव पुटपुटले. मग चहा न पिता निघाले. सूनबाईने त्यांचाही प्याला.

मी कागद घेऊन शेजाऱ्याकडे गेले. त्याने वाचला, घडी घातली, परत दिला. "लिहू नका, ताई. मी आपला शेजारीच बरा."

रविवार, १६

दोन दिवस विचार करतेय. मला विचार करायची सवय नाही, डोकं दुखतं.

धाकट्याला हे चाललं असतं का? कुणाला दाखवलं नाही त्याने कधी. कुणाला सांगितलं नाही. मग आपण कोण त्याचं चारचौघांत मांडणारे? चिरंजीव म्हणतो तेही चूक नसेल. मेलेल्या माणसाला विचारताही येत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याला लपवायचंच असतं तर इकडे एक खिळा मारला असता, तिकडे एक खिळा मारला असता. काम तेवढंच, कष्ट निम्मे. हा गडी ड्रिल मशीन आणून विटेतून आरपार गेला. आवाज सगळ्या इमारतीने ऐकला असणार. धूळ दोन्ही घरांत.

खालची कवळी आता जेवताना फारच टोचते. तोंडात फोड आला आहे.

मंगळवार, १८

फोडामुळे खाता येईना, म्हणून शेजाऱ्याकडे गेले. त्याने दिवा ओढला, डोळ्याला भिंग लावलं, माझी कवळी काढून घेतली. वरची पण काढा म्हणाला, दोन्ही जुळवून बघतो. दोन्ही दिल्या. आता दात त्याच्या हातात आणि माझं तोंड म्हणजे रिकामी पिशवी. मला चित्रांवरून त्याला चार शब्द सुनावायचे होते, ते राहिलेच. तोंड उघडलं तर नुसती हवा.

त्याने बारीक कानस घेतली आणि घासायला लागला. घासता घासता बोलायला लागला. माझ्याकडे न बघता.

"ताई, भिंत उघडी पडेल म्हणून मी नाही म्हटलं, असं तुम्हाला वाटतं. भिंतीचं काही नाही. तिथे उभं कसं राहायचं ते मला कळत नाही. कुणीतरी विचारणार, तुम्ही कोण. शेजारी म्हणालो तर तो भिंतीवर, आणि त्याच्यासमोर मी परत शेजारी. जिन्यात म्हटलं, दुकानात म्हटलं, डॉक्टरकडे म्हटलं, तेव्हा काही वाटायचं नाही. दोघांचं ठरलेलंच होतं. पण त्याच्या स्वतःच्या प्रदर्शनात नको. आणि दुसरं काही म्हणायचं तर तोंडाला सवय नाही. म्हणून येत नाही, आणि म्हणून चित्रंही देत नाही. ती गेली आणि मी नाही गेलो, तर मी घरी बसून काय करू?"

मी हात हलवला, म्हणजे पुढे बोला किंवा दात द्या, काय वाटेल ते समजा. तो घासतच राहिला.

"तुम्हाला आठवतं का, दवाखान्यात सिस्टर मला आत सोडत नव्हती. फक्त घरचे, म्हणाली. मी बाकावर बसलो होतो. तुम्ही बाहेर आलात, पिशवी खांद्याला, आणि चालता चालता तिला म्हणालात, घरातला माणूस आहे तो, सोडा त्याला. एवढं बोलून निघून गेलात. मागे वळूनही बघितलं नाही. त्यानंतर मला कुणी अडवलं नाही. शेवटपर्यंत मी आत होतो. त्याचा हात माझ्या हातात होता."

कानस थांबली.

"तुम्ही ते इतकं सहज म्हणालात, की मला वाटलं, असंच असतं तर."

मला हे आठवेना. खरंच आठवेना. पडद्याची घाईची ऑर्डर असणार आणि त्याला तिथे बसलेलं बघून म्हटलं असेन, आत जा, मग मला जाता येईल. एवढ्या एका वाक्यात काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही. पण हा माणूस चार वर्षं ते वाक्य जपून बसलाय, आणि मला पत्ता नाही.

त्याने कवळी धुऊन दिली. बसवली. टोचत नाही. चावून बघितलं, बोलून बघितलं. पहिलं वाक्य निघालं ते असं: "मग तेच लिहू या की."

"काय?"

"घरातला माणूस. तुम्हाला विचारलं तर ते सांगा. तोंडाला सवय लागायला एक दिवस पुरे."

तो भिंग काढून डोळे पुसत बसला. कानशीची भुकटी फार उडते.

"आणि ते समलिंगी का काय, त्याचं काय करायचं?" मी विचारलं. "खोटं आहे का ते?"

"खोटं नाही."

"मग राहू दे. खोडायला परत ती बाई येणार, परत चहा."

बुधवार, १९

शेजारी चित्रं नेऊ देतो म्हणाला, मग गॅलरीवालीला मजकूर फोनवर सांगितला. ती लिहून घेत होती, मी सांगत होते, आणि मधेच तिकडून काहीच ऐकू येईना. म्हटलं, फोन कट झाला का. म्हणाली, नाही आजी, आहे मी.

मजकूर असा ठरला. हा रंगाच्या दुकानात काम करायचा. समलिंगी होता. भिंतीच्या या बाजूला हा राहायचा, त्या बाजूला याच्या घरातला माणूस. चित्रं दोन्ही बाजूंची आहेत, दोन्ही बाजूंनी बघा.

बाई म्हणाली, एवढंच? म्हटलं, लोकांना उभं राहून वाचायचंय.

गुरुवार, २०

सळया काढायच्या होत्या. टेम्पोवाल्यावरचा माझा विश्वास उडालाय, म्हणून मीच हातोडी घेऊन स्टुलावर चढले होते, तेवढ्यात चिरंजीव आले. आज गुरुवार असून. ऑफिसातून सुट्टी टाकून.

"उतर खाली," म्हणाला. हातातून हातोडी घेतली. स्टुलावर चढला. ठोकायला हात उचलला आणि तसाच थांबला. मग भिंतीला तोंड लावून, त्या दिवशीच्या मोकळ्या भोकातून, जरा मोठ्याने बोलला:

"दातमामा, तिकडून चित्र धरा. मी इकडून ठोकतो."

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला: "धरलं. बाळ, हळू."

साहेबाला बाळ म्हणतो. चिरंजीवांचे कान परत लाल झाले, पण सगळ्या सळया नीट निघाल्या. एकही चित्र पडलं नाही. मी मात्र तिकडे जाऊन कवळ्या आधीच कपाटात ठेवून आले होते.

कागदाबद्दल तो काही बोलला नाही. जाताना विचारलं, "शनिवारी किती वाजता आहे?"

शनिवार, २२

प्रदर्शन झालं. पाय सुजले आहेत, पण लिहून टाकते.

हॉल पांढराशुभ्र, बाईने शेवटी रंग घेतला म्हणायचा. मधोमध उभी भिंत. लोक मला वाटले त्याहून जास्त. रंगाच्या दुकानाचे मालक आले होते, प्रत्येक चित्रासमोर उभे राहून ओळखत होते की हा डबा अमुक डॉक्टरीणबाईंनी परत केलेला, हा शाळेच्या फाटकाचा. टेम्पोवालासुद्धा बायकोला घेऊन आला आणि तिला सांगत होता की हे सगळं त्याच्यामुळे कळलं. आता एका अर्थी खरंच आहे ते.

शेजारी येईना. घरून निघताना दार वाजवलं तर म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. मला माहीत आहे हे "येतो" कसलं असतं. अर्धा कार्यक्रम झाला. गॅलरीवाली दाराकडे बघत होती, सूनबाई दाराकडे बघत होती. मी ठरवलं होतं, नाही आला तर उद्याचं जेवण बंद.

मग आला. धाकट्याचा निळा शर्ट घालून. त्याला तो खांद्यांत ढगळ होतो, मी कितीदा म्हटलंय की नवा घ्या. केस नीट विंचरलेले. कुणाकडे न बघता सरळ भिंतीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला. त्याच्या बाजूला. आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत उभं केल्यासारखा.

मी माझ्या बाजूला पिवळ्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसले. घरी ते रोज बघते, पण इथे वरून उजेड होता. तो निळा ठोकळा नुसता निळा नाही. कडेला थोडा हिरवट आहे, जिथे खालचा पिवळा पूर्ण वाळायच्या आत याने निळा लावला. घाई केली. का घाई केली असेल कोण जाणे, धाकट्याला कधीच कसली घाई नसायची. मी ते बघत बराच वेळ बसले. सूनबाई पाणी घेऊन आली, म्हणाली, आई, बरं वाटत नाही का. म्हटलं, उजेड फार आहे.

तेवढ्यात पलीकडून एका बाईचा आवाज आला. "तुम्ही चित्रकाराचे कोण?"

मी खुर्चीवरून उठले. चिरंजीव माझ्याच शेजारी उभा होता, तोही हलायचा थांबला.

शेजारी म्हणाला, "मी घरातला माणूस."

तोंड अडखळलं नाही. मग बाईने विचारलं, हे चित्र कधी काढलं, आणि हा म्हणाला, "हे ना, आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी नव्हतं..." आणि जो सुरू झाला. आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं. हा रंग लावला तेव्हा आमचं भांडण झालं होतं. हा पट्टा मी सांगितला म्हणून जाड केला, नंतर महिनाभर मला ऐकवलं. माणसं जमायला लागली. माझ्या बाजूचे लोक वळसा घालून तिकडे गेले, माझ्याकडे कुणी उरलं नाही. मीही गेले शेवटी. हा हातवारे करून बोलत होता. लोक हसत होते. इतकी वर्षं ओळखते, या माणसाला इतकं बोलता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

बंद करायची वेळ झाली. गॅलरीवालीने एक दिवा मालवला. हा बोलतोच आहे. तिने दिवा परत लावला. मी म्हटलं, अहो, चला आता, माझे पाय दुखतात. म्हणाला, "ताई, हे एवढं चित्र सांगून होऊ दे."

चिरंजीवाने माझी खुर्ची उचलून इकडच्या बाजूला आणून ठेवली. बसले. करते काय.

सोमवार, २४

सकाळी कालचा डबा आणायला गेले तर हा कपडे करून तयार. म्हटलं, आज कुठे? म्हणाला, प्रदर्शनात. म्हटलं, परवा झालं, काल झालं, आज परत? तर म्हणे, काल लोक खूप होते, हिरव्या चित्राचं कुणाला नीट सांगता आलं नाही.

"ते महिनाभर चालणार आहे."

"हो, मग महिनाभर जाईन."

दुपारी गॅलरीवालीचा फोन. आजी, काका आल्यापासून उभेच आहेत, त्यांना बसायला सांगा. म्हटलं, तूच सांग, माझं कुठे ऐकतोय तो.

संध्याकाळी परत आला तेव्हा आवाज पार बसलेला. गरम पाणी करून दिलं. पाणी पितापिता घोगऱ्या आवाजात मला सांगायला लागला की आज कोण कोण आलं होतं, कुणी काय विचारलं, याने काय उत्तर दिलं. म्हटलं, गप्प बसा जरा, घसा जाईल. गप्प बसला. बिस्किटाचा पुडा उघडायला गेला तो मी हातातून घेतला आणि ताट वाढलं. सगळं जेवला, परत मागून घेतलं.

मग पुन्हा सुरू झाला.